एका क्लिकमागे काय काय चालते: स्ट्रीमलिट, शायनी, डॅश आणि पॅनेल वापरून पाहताना

आकडेवारीवर काम करणाऱ्या माणसाला कधी ना कधी एक मागणी ऐकावी लागते: "अहवाल चांगला झाला आहे, पण मला हवे ते केंद्र आणि हव्या त्या तारखा निवडून हाच आलेख बघता येईल का?" पीडीएफमधला आलेख तिथे अपुरा पडतो आणि वेबपृष्ठ बांधण्याची वेळ येते. ज्याचे रोजचे काम आर किंवा पायथन या भाषांत चालते, त्याने एवढ्यासाठी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट शिकत बसावे ही अपेक्षा रास्त नाही, आणि नेमकी हीच अडचण दूर करणारी काही साधने गेल्या दशकभरात चांगली रुळली आहेत. त्यांपैकी स्ट्रीमलिट, शायनी, डॅश आणि पॅनेल या चार साधनांत मी एकच अ‍ॅप चार वेळा बांधून पाहिले.

अ‍ॅप मुद्दाम साधे ठेवले होते. १६० केंद्रांवरील तापमान आणि आर्द्रतेच्या वर्षभराच्या दर तासाच्या नोंदी, म्हणजे १४,०१,६०० ओळी. डावीकडे केंद्रांची यादी आणि तारखांचा स्लायडर. उजवीकडे रेषालेख, नकाशा, तक्ता आणि निवडलेला भाग सीएसव्ही म्हणून उतरवून घेण्याचे बटण. पहिल्या दिवशी चारही साधने मला सारखीच सोयीची वाटली. दुसऱ्या आठवड्यात, अ‍ॅपमध्ये चार आलेखांची भर पडल्यावर आणि ते एकाच वेळी पाच-सहा जणांनी उघडल्यावर, त्यांचे स्वभाव दिसू लागले. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की साधन निवडताना एकच प्रश्न आधी विचारावा: वापरकर्त्याने स्लायडर सरकवला, की त्यानंतर नेमके काय काय पुन्हा चालते? या प्रश्नाला चौघांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि अ‍ॅपचा वेग, त्यात शिरणाऱ्या चुका आणि शिकताना होणारा त्रास या सगळ्यांचे मूळ त्या उत्तरात सापडते.

स्ट्रीमलिट २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि २०२२ मध्ये स्नोफ्लेक कंपनीने ते विकत घेतले. त्याचे उत्तर सगळ्यांत सरळ आहे. वापरकर्त्याने काहीही केले, की संपूर्ण पायथन फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा चालते. स्लायडर हवा असेल तर एक फंक्शन बोलवायचे आणि त्याने दिलेले मूल्य एका चलात ठेवायचे; पुढच्या ओळीत त्या मूल्याने तक्ता गाळायचा; त्यापुढच्या ओळीत आलेख काढायचा. आपल्या नेहमीच्या विश्लेषणाच्या फाइलीत आणि या फाइलीत फारसा फरक राहत नाही, आणि म्हणूनच ज्याने आयुष्यात कधी वेबपृष्ठ बांधलेले नाही तोसुद्धा एका दुपारी काहीतरी दाखवण्याजोगे उभे करतो. माझे अ‍ॅपही साठेक ओळींत आणि एका बैठकीत तयार झाले. हा आनंद खरा आहे आणि त्याला कमी लेखू नये. अनेक कल्पना पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी दाखवता आल्या तरच जगतात.

पण सगळी फाइल पुन्हा चालते याचा अर्थ चौदा लाख ओळींची फाइल डिस्कवरून वाचण्याचे कामही प्रत्येक वेळी पुन्हा होते, जोपर्यंत आपण ते थांबवत नाही. त्यासाठी कॅश, म्हणजे एकदा काढलेले उत्तर साठवून पुन्हा वापरण्याची सोय, वापरावी लागते. सुरुवातीला यासाठी एकच सोय होती. २०२३ मध्ये तिच्या जागी कॅश-डेटा आणि कॅश-रिसोर्स अशा दोन सोयी आल्या, आणि या दोहोंमधला फरक प्रत्येक नव्या माणसाने नीट समजून घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. कॅश-डेटा साठवलेल्या वस्तूची दर वेळी नवी प्रत काढून देते, त्यामुळे तुम्ही त्या प्रतीत काहीही फेरफार केले तरी मूळ सुरक्षित राहते, मात्र तक्ता मोठा असेल तर ती प्रत काढण्यातही वेळ जातो. कॅश-रिसोर्स तीच मूळ वस्तू सर्वांच्या हाती देते. डेटाबेसची जोडणी किंवा प्रशिक्षित मॉडेल ठेवायला ती योग्य आहे, पण तिच्यात ठेवलेल्या तक्त्यात एका वापरकर्त्याच्या कोडने नवा स्तंभ घातला, तर तो स्तंभ सगळ्यांच्या तक्त्यात येतो. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: सहसा दोन्ही कॅश सर्व वापरकर्त्यांमध्ये सामाईक असतात. ज्या फंक्शनचे उत्तर माणसागणिक बदलते, त्याला त्या माणसाची ओळख हे इनपुट दिलेच पाहिजे.

दुसरा सापळा बटणाचा आहे. स्ट्रीमलिटमधले बटण दाबल्यावर ते फक्त त्या एका फेरीपुरते 'खरे' असते. म्हणून 'विश्लेषण सुरू करा' या बटणाच्या आत दुसरा स्लायडर ठेवला आणि तो स्लायडर हलवला, की फाइल पुन्हा चालते, बटण आता 'खोटे' झालेले असते, आणि त्याच्या आतला सगळा भाग स्लायडरसकट पडद्यावरून नाहीसा होतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला अ‍ॅप बिघडले असेच वाटते. उपाय आहे: बटण दाबल्याची नोंद सेशन-स्टेटमध्ये, म्हणजे एका फेरीतून पुढच्या फेरीत टिकणाऱ्या त्या वापरकर्त्यापुरत्या साठ्यात, ठेवायची. ही सोय २०२१ मध्ये आली आणि तिच्यामुळे स्ट्रीमलिट गंभीर कामाला उपयोगी पडू लागले. २०२४ मध्ये आलेल्या फ्रॅगमेंटमुळे फाइलीचा एखादाच तुकडा स्वतंत्रपणे पुन्हा चालवता येतो, आणि फॉर्ममध्ये नियंत्रणे गुंडाळली तर 'सादर करा' म्हणेपर्यंत काहीच चालत नाही. या सोयी चांगल्या आहेत. मात्र अ‍ॅप वाढत जाते तसतसे आपण मूळ साध्या नियमाला अपवाद लिहीत जातो, आणि अपवादांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की तो साधेपणा, ज्यासाठी हे साधन निवडले होते, हातात उरत नाही. माझ्या अ‍ॅपमध्ये सहाव्या आलेखाच्या आसपास ही वेळ आली.

शायनीचा विचार मुळातच वेगळा आहे. आरस्टुडिओ या कंपनीत जो चेंग यांनी ते घडवले आणि २०१२ मध्ये ते आर भाषेसाठी बाहेर आले. कंपनीचे नाव २०२२ मध्ये पॉझिट झाले आणि त्याच वर्षी पायथनसाठीच्या शायनीची घोषणा झाली. शायनी समजून घ्यायला स्प्रेडशीट आठवावी. एका घरातला आकडा बदलला की त्या घरावर अवलंबून असलेलीच घरे पुन्हा मोजली जातात, बाकीची जागची हलत नाहीत. कोण कोणावर अवलंबून आहे हे आपण कुठे लिहून द्यायचे नसते. एखाद्या गणनेने स्लायडरचे मूल्य वाचले, की शायनी ते नाते स्वतःच टिपून ठेवते. माझ्या अ‍ॅपमध्ये केंद्र आणि तारखांनुसार नोंदी गाळण्याचे काम एका रिअ‍ॅक्टिव्ह गणनेत होते आणि रेषालेख, तक्ता व सीएसव्ही हे तिघेही त्याच गणनेचे उत्तर वापरत होते. तारीख बदलली की गाळणी एकदाच होते. आलेखाचा रंग बदलला तर गाळणी होतच नाही, फक्त आलेख नव्याने काढला जातो. यासाठी मला कॅशचा एक शब्दही लिहावा लागला नाही.

शायनी आळशी आहे, आणि हा तिचा मोठा गुण आहे. ज्याची या क्षणी कोणाला गरज नाही ते ती मोजत नाही. नकाशा मी दुसऱ्या टॅबमध्ये ठेवला होता; तो टॅब कोणी उघडेपर्यंत नकाशाची गणना सुरूच होत नव्हती, आणि पडद्याआड गेलेला आलेख आपोआप थांबत होता. हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर आरमधले रिअ‍ॅक्टलॉग हे पॅकेज जरूर वापरावे. ते चालू करून अ‍ॅपमध्ये कंट्रोल आणि एफ३ या कळी दाबल्या, की सगळ्या गणनांचे जाळे समोर उभे राहते. कोणती गणना शिळी झाली, कोणती आत्ता चालते आहे आणि तिला किती वेळ लागला, हे पायरीपायरीने मागेपुढे नेऊन बघता येते. माझ्या अ‍ॅपमध्ये एक आलेख एका क्लिकनंतर दोनदा काढला जात होता. कोड वाचून ते मला अर्धा दिवस कळले नव्हते. जाळ्यात मात्र दोन बाण स्पष्ट दिसले, कारण केंद्र बदलल्यावर मी तारखांचा स्लायडरही कोडमधून बदलत होतो.

तरीही हे साधन कोणालाही डोळे झाकून सुचवता येणार नाही. रिअ‍ॅक्टिव्ह पद्धतीचा विचार अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. उत्तर देणारी गणना आणि केवळ परिणाम घडवणारा निरीक्षक यांतला भेद पहिल्या दोन-तीन अ‍ॅपमध्ये बहुतेकांचा चुकतो, आणि तो चुकला की अ‍ॅप चालते पण का चालते हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. दुसरी मर्यादा आर भाषेची आहे. आरची एक प्रक्रिया एका वेळी एकच काम करते, त्यामुळे त्याच प्रक्रियेत असलेल्या दुसऱ्या वापरकर्त्याची लांब गणना चालू असेल तर तुमचा साधा ड्रॉपडाउनही तिच्यासाठी थांबून राहतो. २०१८ पासून असमकालिक, म्हणजे इतरांना न थांबवता बाजूला चालणाऱ्या, गणनांची सोय आहे आणि २०२४ मध्ये एक्सटेंडेड-टास्क ही अधिक सोपी रीत आली, पण तिचा विचार अ‍ॅप आखतानाच करावा लागतो. पायथनच्या शायनीत एक्सप्रेस नावाची आटोपशीर लेखनपद्धतही आहे, जी स्ट्रीमलिटहून आलेल्या माणसाला परकी वाटणार नाही. तिच्याभोवतीचा नमुन्यांचा आणि प्रश्नोत्तरांचा साठा मात्र आरच्या तुलनेत अजून लहान आहे.

डॅश २०१७ मध्ये प्लॉटली कंपनीने आणले. सर्व्हरच्या बाजूला फ्लास्क ही पायथनची वेब-चौकट, ब्राउझरमध्ये पृष्ठ उभारणारी रिअ‍ॅक्ट आणि आलेखांसाठी प्लॉटलीचीच जावास्क्रिप्ट लायब्ररी अशी त्याची बांधणी आहे. एका क्लिकनंतर काय चालते, हे डॅशमध्ये तुम्ही स्वतः लिहून द्यायचे असते: या घटकाचा हा गुण बदलला की हे फंक्शन चालव आणि त्याचे उत्तर त्या घटकाच्या त्या गुणात भर. याला कॉलबॅक म्हणतात. प्रत्येक घटकाला नाव द्यायचे, त्या नावांनी इनपुट आणि आउटपुट जोडायचे, आणि केवळ वाचायचे पण त्याच्या बदलावर धावायचे नाही असे मूल्य स्टेट म्हणून मागायचे. लिहिणे वाढते; माझे अ‍ॅप स्ट्रीमलिटच्या जवळजवळ तिप्पट लांबीचे झाले. पण सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला कोणता धागा कुठे जातो हे वाचूनच कळते, आणि ब्राउझरच्या विकासक-साधनांत नेटवर्कचा भाग उघडला तर प्रत्येक क्लिकनंतर सर्व्हरकडे काय गेले आणि परत काय आले हे डोळ्यांनी पाहता येते. चूक शोधताना इतकी पारदर्शकता मला इतर तिघांत मिळाली नाही.

डॅशचा सर्व्हर वापरकर्त्याविषयी काही लक्षात ठेवत नाही. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे, कारण त्यामुळे एकाच अ‍ॅपच्या चार प्रक्रिया चालवल्या आणि दोन लागोपाठच्या क्लिक दोन वेगळ्या प्रक्रियांकडे गेल्या तरी काही बिघडत नाही. परंतु हे न समजता कोणी निवडलेला तक्ता सामाईक चलात ठेवला, तर एकाने निवडलेले केंद्र दुसऱ्याच्या पडद्यावर उमटते. डॅशच्या मार्गदर्शिकेत याविषयी स्पष्ट इशारा आहे. एका जुन्या कामात मी स्वतः ही चूक केली होती. चाचणी एकट्याने केल्यामुळे ती दिसलीच नाही. दोन सहकाऱ्यांनी एकाच वेळी अ‍ॅप उघडल्यावर "मी निवडलेले आकडे हे नाहीत" असा निरोप आला आणि मला सगळा भाग पुन्हा लिहावा लागला. तेव्हापासून कोणत्याही साधनात बांधलेले अ‍ॅप मी दोन ब्राउझरांत शेजारी-शेजारी उघडून वेगवेगळी केंद्रे निवडल्याशिवाय पुढे देत नाही. वापरकर्त्यापुरती माहिती ब्राउझरमध्ये साठवण्यासाठी डॅशने स्टोअर हा घटक दिला आहे, पण त्यात ठेवलेली माहिती वापराल तेव्हा ब्राउझरमधून सर्व्हरकडे प्रवास करते, म्हणून तिथे निवडलेल्या केंद्राचे नाव ठेवावे, लाखभर ओळींचा तक्ता ठेवू नये.

जिथे एका आलेखावर चौकट ओढून बिंदू निवडायचे आणि दुसरे तीन आलेख त्यानुसार बदलायचे असतात, तिथे डॅशला मी झुकते माप देतो. नकाशावर वीस केंद्रांभोवती घेर काढला आणि रेषालेख त्या वीसांचा झाला, हे काम त्यात सर्वांत नैसर्गिकपणे बसते. २०२३ पासून आलेखाचा केवळ बदललेला अंश पाठवण्याची सोय झाल्याने मोठ्या आलेखांवरचा ताणही कमी झाला आहे.

पॅनेलविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याचा उपयोग ठरावीक ठिकाणी फार मोठा आणि इतरत्र बेताचा आहे. होलोव्हिझ या लायब्ररींच्या कुटुंबातले हे साधन आलेख काढणारी बोके आणि बदलत्या मूल्यांचा हिशेब ठेवणारी पॅरॅम या लायब्ररींवर उभे आहे, नोटबुकमध्ये (कोड आणि त्याचे उत्तर एकत्र दाखवणाऱ्या फाइलीत) जसे चालते तसेच सर्व्हरवर चालते, आणि आपण फंक्शनला ज्या घटकांशी बांधतो त्यांच्या बदलानंतर तेवढे फंक्शन पुन्हा धावते. त्याच्या सोबतीला डेटाशेडर मिळते, आणि चौदा लाख बिंदू एकाच आलेखात दाखवायचे असतील तर त्याला तोड नाही. इतर साधनांत प्रत्येक बिंदू ब्राउझरकडे पाठवण्याचा मोह होतो आणि पृष्ठ गोठते. डेटाशेडर सर्व्हरवरच बिंदूंचे चित्र तयार करते, तेवढे चित्र पाठवते आणि तुम्ही जवळ जाऊन पाहिले की त्या भागाचे नवे चित्र काढते. एकच गोष्ट करण्याच्या चार रीती उपलब्ध असल्याने शिकताना गोंधळ होतो. मार्गदर्शिका वाचताना आपण नेमकी कोणती रीत शिकत आहोत याचे भान ठेवावे लागते.

काही वेळा या चौघांपैकी कशाचीच गरज नसते. माहिती डेटाबेसमध्ये नीट मांडलेली असेल आणि प्रश्न एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत विचारता येण्याजोगे असतील, तर सुपरसेट किंवा मेटाबेस यांत कोड न लिहिता डॅशबोर्ड होतो. मॉडेलला एक चित्र देऊन उत्तर पाहायचे एवढेच काम असेल तर ग्रॅडिओ पुरते. माहिती दिवसातून एकदाच बदलत असेल, तर सतत जागा असणारा सर्व्हर कशासाठी हवा? २०२४ मध्ये आलेले ऑब्झर्व्हेबल फ्रेमवर्क पृष्ठे बांधतानाच माहिती तयार करून ठेवते आणि नंतर उरतात त्या केवळ स्थिर फाइली, ज्या कुठेही ठेवता येतात आणि रात्री बंद पडत नाहीत. शायनीलाइव्ह तर पायथन किंवा आर ब्राउझरमध्येच चालवते. पहिल्यांदा पृष्ठ उघडायला त्यात बराच वेळ लागतो आणि सगळी माहिती वाचकाच्या संगणकावर पोहोचते, म्हणून गोपनीय नोंदींसाठी ते वापरू नये. शिकवण्यासाठी मात्र ते फार उपयोगी आहे.

अ‍ॅप आपल्या संगणकावरून सर्व्हरवर नेताना एक गोष्ट आधीच तपासावी. स्ट्रीमलिट, शायनी आणि पॅनेल यांचा ब्राउझरशी संवाद वेबसॉकेट नावाच्या सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून चालतो, तर डॅश साध्या एचटीटीपी विनंत्यांवर भागवते. एका ठिकाणी मध्ये असलेला, विनंत्या पुढे पाठवणारा प्रॉक्सी सर्व्हर वेबसॉकेट पुढे जाऊ देत नव्हता. पृष्ठाचा सांगाडा दिसत होता, पण आत काहीच उमटत नव्हते, आणि दोष अ‍ॅपमध्ये आहे असे समजून मी दोन दिवस कोड तपासत राहिलो. तशा ठिकाणी आधी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जोडणीची तक्रार दिसते का ते पाहावे.

देवनागरीत मथळे लिहिणाऱ्यांसाठी एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. प्लॉटलीच्या आलेखांत अक्षरे ब्राउझर काढतो, त्यामुळे जोडाक्षरे आणि वेलांट्या बिनचूक येतात. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या लायब्ररीच्या ज्या आवृत्तीवर मी काम केले तिच्यात 'स्थिती' या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडत होती आणि जोडाक्षर फुटत होते, मग साधन कोणतेही असो. मथळे मराठीत हवे असतील तर आलेखाची लायब्ररी आधी निवडावी.

सध्या माझी वाटणी अशी आहे. कल्पना तपासायची असेल, वापरणारे थोडे असतील आणि अ‍ॅप महिनाभरात विसरले जाणार असेल तर स्ट्रीमलिट. अ‍ॅप वाढणार आहे, गणना जड आहेत आणि एकाच गाळलेल्या तक्त्यावर अनेक आलेख अवलंबून आहेत, असे आधीच माहीत असेल तर शायनी. माझे चाचणीचे अ‍ॅप शेवटी मी तिच्यातच कायम ठेवले. आलेखांनी एकमेकांशी बोलायचे असेल, किंवा सर्व्हर सांभाळणारी मंडळी वेगळी असून त्यांना नेहमीचे फ्लास्क अ‍ॅप हवे असेल, तर डॅश.

एक उणीव मात्र चारही ठिकाणी सारखीच जाणवली. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाला या साधनांतले बहुतेक आलेख जवळजवळ मुके असतात: तिथे आलेख आहे एवढे फार तर कळते, त्यात काय आहे ते कळत नाही. तक्ता वाचता येतो, सीएसव्ही उघडता येते. चारही अ‍ॅपमध्ये मी ते बटण पृष्ठाच्या तळाशी ठेवले होते. आता ते आलेखाच्या वर, केंद्रांच्या यादीनंतर लगेच आहे, आणि त्याखाली निवडलेल्या काळातले सर्वोच्च, नीचतम आणि सरासरी तापमान एका साध्या वाक्यात लिहिलेले असते, जे स्लायडर सरकवला की आलेखाबरोबरच बदलते.